सोडचिठ्ठीचा कागद आणि वकिलाचे काम

वकील म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बांधाचा तंटा, वाटणीचा दावा नाहीतर फौजदारी उभी राहते. पण नवराबायकोच्या तंट्याचे काम करणाराही वकील असतो, आणि त्याच्याविषयी लोक फारसे बरे बोलत नाहीत. ‘दुसऱ्यांची घरं मोडून हा पोट भरतो,’ असे पारावर सहज म्हटले जाते. मी स्वतः वकील नव्हे. महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. लग्न, कुटुंब आणि रूढी हेच माझे विषय. त्यामुळे न्यायालयाच्या आवारात बसून हे काम जवळून पाहण्याचा प्रसंग मला अनेकदा येतो. तेथे जे दिसते ते पारावरच्या बोलण्यापेक्षा फार वेगळे आहे. या वकिलाकडे माणसे येतात तेव्हा घर मोडून बहुधा दोन-तीन वर्षे होऊन गेलेली असतात. आणि खेड्यातून येणाऱ्यांच्या पिशवीत पुष्कळदा एक कागद असतो. तो पाहिला की वकील कपाळाला हात लावतो.

हा कागद तुम्हांपैकी कित्येकांनी पाहिला असेल. मुद्रांकाचा, म्हणजे स्टँपचा. शंभराचा असो की पाचशेचा, मजकूर एकच. आम्ही उभयतां राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता वेगळे होत आहोत; एकमेकांवर कसलाही हक्क राहिला नाही; पत्नी पोटगी मागणार नाही; दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहेत. खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे, चार-पाच पंच, आणि वर नोटरीचा गोल शिक्का. याला कोणी फारकत म्हणते, कोणी काडीमोड, कोणी सोडचिठ्ठी. शिक्का पाहून दोन्हीकडच्या मंडळींना वाटते, काम पक्के झाले.

ते पक्के झालेले नसते. नोटरीचा शिक्का एवढेच सांगतो की अमुक माणूस माझ्यासमोर आला आणि त्याने सही केली. लग्न मोडण्याचा अधिकार नोटरीला नाही, पंचांना नाही, सरपंचाला नाही. नोटरींनी लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करून देऊ नयेत, असे केंद्र सरकारच्या विधी खात्याने २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा स्पष्ट बजावले आहे. जातपंचायतीचे तर बोलायलाच नको. वाळीत टाकण्याची धमकी देऊन निवाडा लादणाऱ्या पंचांसाठी महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र कायदाच केला. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याच्या कक्षेत हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखही येतात. या कायद्याप्रमाणे लग्न मोडते ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने.

येथे कोणी जाणकार म्हणेल, ‘पण आमच्यात सोडचिठ्ठीची चाल पूर्वापार आहे, तिचं काय?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या कित्येक जातींत सोडचिठ्ठी देण्याची आणि मग बाईने पाट लावण्याची रीत जुनीच होती. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना दख्खनमधल्या जातींच्या रूढी गोळा करण्यात आल्या आणि स्टील नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२७ साली त्या ग्रंथरूपाने छापल्या. ज्यांना आपण वरच्या जाती म्हणत होतो, त्यांच्यात मात्र बाईची सुटका नव्हती. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या राजवटीत १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, मुंबई प्रांतात १९४७ साली झाला, आणि १९५५ साली तो देशभर आला. गंमत अशी की, ज्या बायकांना आधीपासून मोकळीक होती त्या शहाण्यासुरत्या समाजाच्या दृष्टीने मागासलेल्या ठरत होत्या, आणि ज्यांना ती नव्हती त्यांच्यासाठी कायदा करावा लागला! असो.

१९५५ च्या कायद्याने जुनी रूढी सरसकट बुडवली नाही. कलम २९ मध्ये तिला जागा ठेवली आहे. पण ‘आमच्यात असंच चालतं’ एवढ्याने न्यायालयात भागत नाही. ती रूढी फार दिवसांची आहे, अखंड चालत आलेली आहे, तिची रीत ठरलेली आहे आणि ती सार्वजनिक हिताच्या विरुद्ध नाही, हे जो सांगतो त्याने साक्षीपुराव्यानिशी सिद्ध करायचे असते. पन्नास रुपये फी घेऊन टंकलेखकाने बसवलेला मजकूर ही रूढी नव्हे. अनुसूचित जमातींची गोष्ट निराळी. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा त्यांना लागूच होत नाही, त्यांचा व्यवहार त्यांच्या रूढीनेच पाहिला जातो. मुसलमान आणि ख्रिस्ती बांधवांचे कायदे वेगळे आहेत. एका दमात तीनदा तलाक म्हणून बायको टाकणे हा २०१९ पासून गुन्हा आहे. गोव्यात तर १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेतले कुटुंबाचे नियम आजही चालतात. या सगळ्याचा विस्तार आज करत नाही.

आता या कागदाने होते काय ते पाहा. समजा, एका गृहस्थाने २०१२ साली असा कागद करून पहिल्या बायकोला माहेरी पाठवले, वर्षभरात दुसरे लग्न केले, दोन मुले झाली. २०२३ साली तो अपघातात वारला. दिवस झाल्यावर दुसरी बाई तलाठ्याकडे वारसनोंदीला जाते, तेव्हा तेथे पहिलीही येऊन उभी राहते. कायद्याच्या नजरेने विधवा कोण? पहिली. दुसरीचे लग्न मुळातच झालेले नाही, कारण पहिले मोडलेले नव्हते. मुलांना कायद्याने औरस मानले आहे, बापाच्या मिळकतीत त्यांना वाटा मिळतो. पण दहा वर्षे ज्या बाईने त्या घरात भाकऱ्या थापल्या तिला सातबाऱ्यावर जागा नाही. माणूस सरकारी नोकरीत असला तर निवृत्तिवेतनाचाही हाच गुंता. दोघीही फसलेल्या, आणि ज्याने फसवले तो जबाब द्यायला हयात नाही.

माहेरी आलेल्या बाईचे नुकसान आणखी सूक्ष्म आहे. पोटगीच्या कायद्यात असे कलम आहे की, नवराबायको परस्परांच्या संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मागता येत नाही. ‘राजीखुशीने’ हा शब्द कागदात कशासाठी घातलेला असतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल. तोच कागद पुढे नवऱ्याचा वकील न्यायालयात दाखवतो. ‘पोटगी मागणार नाही’ या ओळीचे मात्र फारसे चालत नाही. एका बाईने ८,००० रुपये एकदाच घेऊन पुढचा हक्क सोडल्याचे लिहून दिले होते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला. मुलाचा हक्क तर आईलाही सोडून देता येत नाही. कागदावर विसंबून जिने दुसरे घर केले, तिच्या बाबतीत अलीकडे न्यायालयांची दृष्टी थोडी मऊ झाली आहे. पहिले लग्न लपवून जो दुसरे करतो, त्याने त्या दुसऱ्या बाईला पोसले पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात म्हटले. आणि २०२५ च्या जानेवारीत, पहिल्या नवऱ्यापासून केवळ करार करून वेगळ्या झालेल्या एका बाईला दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी देवविली. पण हे पोटगीपुरते. तेवढ्याने लग्न कायदेशीर होत नाही, आणि प्रत्येकीला दिल्लीपर्यंत जाणे कसे झेपणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मी तुम्हांला विशेष करून सांगतो आहे. गावात हस्ताक्षर चांगले म्हणून, किंवा शब्दाला वजन म्हणून, मजकूर लिहायला नाहीतर साक्षीदाराची सही करायला तुम्हांलाच बोलावतात. दोन्हीकडची माणसे ओळखीची असतात, तंटा मिटावा ही तुमचीही इच्छा असते. तंटा मिटवायला जरूर जा. सही करायची वेळ आली की मात्र म्हणा, ‘हे तालुक्याला वकिलाला दाखवू, मग सही करतो.’ एवढ्याने दोन बायकांचे आणि चार मुलांचे पुढचे हाल टळू शकतात.

बरे, वकिलाकडे गेल्यावर तो करतो काय? लोकांची कल्पना अशी की तो लगेच दावा ठोकतो. चांगला वकील आधी ऐकतो, आणि कोणाचे ऐकायचे हे त्याला बरोबर ठाऊक असते. मुलीबरोबर बाप, भाऊ, मामा असे सगळे येतात आणि सगळे बोलतात; मुलगी तेवढी खाली मान घालून बसते. अशा वेळी होणारे बोलणे साधारण असे असते:

‘वकीलबाई, आम्हांला काही नको त्यांचं. फक्त पोरीचं नाव मोकळं करून द्या.’

‘काका, ते बघू आपण. नातवाच्या दूध-औषधाचं कोण बघतं सध्या?’

‘आम्हीच की. दुसरं कोण बघणार?’

‘मग काही नको कसं म्हणता? तुम्हांला नको असेल. त्या लेकराला हवं ना? बरं, तुम्ही सगळे जरा बाहेर चहा घेऊन या. मला हिच्याशी बोलू द्या.’

आणि दार लोटल्यावर पहिला प्रश्न, ‘ताई, आता तू सांग. तुला नांदायचं आहे का?’

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा बापाच्या उत्तरापेक्षा वेगळे निघते. कोणाला नांदायचे असते, फक्त दारू आणि मार नको असतो. तिच्यासाठी घटस्फोटाचा दावा हा मार्गच नव्हे. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचा आणि संरक्षणाचा हुकूम मागता येतो. कोणाला परत जायचे नसते, पण धाकट्या बहिणीचे लग्न होईतो गप्प राहायचे असते. वकिलाने हे काढून घेतले नाही, तर पुढची तीन वर्षे तो बापाचा खटला चालवत राहतो, मुलीचा नव्हे. मला तर वाटते, या धंद्यातले निम्मे कसब त्या लोटलेल्या दाराआड आहे. वकिलाला सांगितलेले गुपित वकिलाने बाहेर फोडायचे नसते, हाही कायदाच आहे. आणि हिंदू विवाह कायद्याखालचे कामकाज बंद दाराआड चालते, त्याची हकीकत छापता येत नाही. गावात बभ्रा होईल या भीतीने जे येत नाहीत त्यांनी हे लक्षात ठेवावे.

उरलेले निम्मे काम म्हणजे कागद. ऐकायला रूक्ष, पण पोट त्यावर अवलंबून असते. पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात तेच कलम १४४ झाले आहे. हा अर्ज बाई जेथे राहते तेथल्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे करता येतो, सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. जुन्या कायद्यात पोटगीला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली उठली. आता रक्कम ठरते ती नवऱ्याच्या ऐपतीवर आणि बाईच्या गरजेवर. येथे खरी गंमत सुरू होते. लग्नात पाच एकर बागायत आणि दोन म्हशी सांगणारा मुलगा न्यायालयात म्हणतो, ‘साहेब, कोरडवाहू जमीन आहे, ती पण वडिलांच्या नावावर.’ मग वकील सातबारा आणि आठ-अ चा उतारा काढतो, साखर कारखान्याला गेलेल्या उसाची बिले शोधतो, दूध संस्थेचे पासबुक मागवतो, ट्रॅक्टर कोणाच्या नावावर आहे ते पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन्ही पक्षांना आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञेवर लिहून देणे बंधनकारक केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही ठरवले. त्यामुळे तारखा लांबवण्यातला फायदा बराच कमी झाला आहे.

हुकूम झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. थकबाकी वसूल करायला पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि तो पैसे देणे झाल्यापासून एक वर्षाच्या आत. ‘देईल आज ना उद्या’ म्हणून तीन वर्षे थांबलेल्या बाईला या वाटेने मागच्या दोन वर्षांची रक्कम मिळणे कठीण होते. थकवणाऱ्याला महिन्यागणिक एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. बहुतेकांचे पाकीट तुरुंगाच्या दारात उघडते.

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर मार्ग साधा आहे. १९७६ साली कायद्यात परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम आले. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, दोघांनी मिळून अर्ज करावा, सहा महिन्यांनी पुन्हा येऊन ‘आमचे म्हणणे तेच आहे’ असे सांगावे. मधल्या काळात दोघांपैकी कोणाचेही मन बदलले तर अर्ज तेथेच थांबतो. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असे २०१७ साली ठरले. स्टँपवर जे लिहिले जाते तेच सगळे, म्हणजे मूल कोणाकडे, दागिने कोणाचे, रक्कम किती, येथेही लिहितात. फरक एवढाच की न्यायाधीश दोघांना समोर उभे करून विचारतो, आणि त्याचा हुकूमनामा तलाठी, बँक, शाळा सगळीकडे चालतो. ज्यांना कागदच करायचा आहे त्यांनी हा कागद करावा.

एकालाच वेगळे व्हायचे असेल तर कारण सिद्ध करावे लागते: क्रूरता, दोन वर्षे टाकून देणे, व्यभिचार अशी काही ठराविक कारणे कायद्यात आहेत. मूल होत नाही, किंवा मुलीच होतात, हे कारण त्यांत कोठेही नाही. कुष्ठरोग पूर्वी होता. तो २०१९ साली काढून टाकला, आणि ते योग्यच झाले.

नांदायला आणण्याचा दावाही आपल्याकडे पुष्कळ चालतो. त्याचा इतिहास मराठी माणसाने विसरू नये. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न लहानपणी झाले होते; मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे जायला नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. आज अशा हुकुमाने कोणालाही तुरुंगात घालता येत नाही. दावा मात्र अजून आहे, आणि पोटगीचा अर्ज आला की उत्तर म्हणून तो लावण्याची वकिलांची जुनी युक्ती आहे. नोटीस आली म्हणून घाबरून जाऊ नये; पण ती कोनाड्यात ठेवूनही देऊ नये, कारण हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूम होतो.

या धंद्यात शिरणाऱ्या मुलामुलींविषयीही दोन शब्द. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचे शिक्षण, मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, आणि २०११ पासून सुरू झालेली अखिल भारतीय परीक्षा. त्यानंतरची काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या फायली वाहण्यात आणि तारखा घेण्यात जातात, कमाई बेताचीच. पुण्या-मुंबईत केवळ कुटुंबाच्या दाव्यांवर वकिली चालते. तालुक्याच्या गावी तोच माणूस सकाळी बांधाचा दावा, दुपारी बँकेचा धनादेश आणि मधल्या वेळी पोटगी पाहतो. बायकांना वकिलीचे दार या देशात १९२३ च्या कायद्याने उघडले. त्यासाठी झगडणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मलेल्या. पडद्यातल्या विधवांची मिळकत आणि वारसा सांभाळण्याचे काम त्यांनी बंगालकडे वर्षानुवर्षे केले, ते सनद मिळण्याच्या कितीतरी आधी.

धंद्यात मोहही आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. एका तक्रारीच्या पाच तक्रारी करायच्या, फिर्यादीत नवऱ्याबरोबर सासरा, नणंद आणि मुंबईला राहणारा चुलतदीरही गोवायचा, म्हणजे तडजोडीत रक्कम वाढते, असा हिशेब करणारे वकील आहेत. खरोखर छळलेल्या बाईची फिर्याद त्यामुळे पातळ होते. दुसऱ्या बाजूला, जमीन रातोरात भावाच्या नावावर करून घेण्याचा सल्ला देणारेही आहेत. वकील ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. मिळणाऱ्या रकमेत टक्का मागणे वकिलाला मना आहे. तो मागत असेल तर उठून यावे. ‘दोघांचंही मीच बघतो’ म्हणणाराही टाळावा, कारण जेथे हितसंबंध उलटे तेथे एकाला दोघांचे वकीलपत्र घेता येत नाही. शहरातल्या कुटुंब न्यायालयात तर वकील हा पक्षकाराचा हक्कच नव्हे, न्यायालयाने परवानगी दिली तर तो उभा राहतो. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालये आली, आपल्या राज्यात १९८९ साली पुण्या-मुंबईत सुरू झाली, आणि तेथे आधी समुपदेशकाकडे बसावे लागते. जेथे असे न्यायालय नाही तेथे घटस्फोटाची याचिका दिवाणी न्यायालयातच चालते.

मुलाचा ताबा हा सर्वांत अवघड भाग. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ, असे १९५६ चा कायदा म्हणतो; पण खरी कसोटी मुलाचे हित हीच. न्यायालय शाळेचा दाखला, हजेरी, आजाराचे कागद पाहते. येथेही शिक्षकाची नोंद कामी येते. पालक म्हणून आईचे नाव वहीत आहे का, मुलाला न्यायला रोज कोण येते, हे गुरुजींना जितके ठाऊक असते तितके वकिलालाही नसते.

राहिला पैशाचा प्रश्न. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते, तेथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही विचारता येते. जाताना लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो, ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद झाली असल्यास तिचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या, आणि तो स्टँपचा कागद झाला असेल तर तोही बरोबर न्यावा. फाडून टाकू नये. त्यावर तारीख काय आहे आणि पंच कोण आहेत, हे वकील सर्वांत आधी पाहतो.